सर, तुम्ही पण खेळता का?



या ब्लॉगवर मी नेहमी बीपी, शुगर, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ज्या पेशंटमुळे हे लिहायला घेतलं, त्यांना विचारून लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. दुपारचा एक वाजून गेला होता. बाजारचा दिवस असल्यामुळे ओपीडीत गर्दी होती. पस्तिशीतला एक तरुण समोर बसला होता. घरची शेती, चार म्हशी, जोडीला दुधाचा व्यवसाय. दोन महिन्यांत त्याची ही तिसरी खेप. तक्रारी त्याच: छातीत धडधड, रात्री झोप नाही, पोटात जळजळ, वजन थोडं कमी झालेलं. पहिल्या खेपेला ईसीजी काढला, नॉर्मल. दुसऱ्या खेपेला थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन केलं, तेही नॉर्मल. मी ॲसिडिटीची गोळी दिली होती, चहा कमी करायला सांगितलं होतं, आठ दिवस झोपेची हलकी गोळीही दिली होती. फरक काहीच नव्हता.

"डॉक्टरसाहेब, ह्यांना रात्री झोपच लागत नाही ओ. दोन-दोन वाजेपर्यंत गोठ्यात जाऊन बसतात," बायको म्हणाली आणि नवीन रिपोर्ट आणायला बाहेर काउंटरवर गेली.

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला. समोर पेशंट असताना मी फोन उचलून पाहिला. नुसता पाहिला नाही, तोंडातून "अरेरे!" असंही निघून गेलं.

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, तुम्ही पण खेळता का?"

मी काय खेळत होतो

खरं सांगायचं तर हो, मी खेळत होतो. पण तो खेळ साधा, बिनपैशाचा होता.

माझा पुतण्या टोकियोत आयटी कंपनीत आहे. तिकडे राहून त्याला सुमो कुस्तीचा नाद लागला. सुमोच्या वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. सगळ्यात वरच्या गटात ४२ पैलवान असतात आणि प्रत्येकाची रोज एक कुस्ती होते. वजनी गट नाहीत. साधारण साडेचार मीटर व्यासाचं मातीचं रिंगण असतं. त्यातून जो बाहेर गेला, किंवा पायाच्या तळव्याशिवाय ज्याचं अंग जमिनीला लागलं, तो हरला. बऱ्याचशा कुस्त्या काही सेकंदांत निकाली निघतात. पंधरापैकी आठ जिंकल्या तर पैलवानाचा दर्जा टिकतो किंवा वाढतो, नाहीतर खाली घसरतो.

तिकडच्या शौकिनांमध्ये एक ऑनलाइन खेळ चालतो. आज कोण जिंकणार हे कुस्त्या सुरू व्हायच्या आधी निवडायचं, बरोबर आलं की गुण मिळतात. पंधराव्या दिवशी ज्याचे गुण जास्त, तो पहिला. बक्षीस म्हणून नुसतं यादीत वरचं नाव. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही कुस्तीचे जाणकार, खेळून तर बघा." मी नाव नोंदवलं.

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडे संध्याकाळी चार ते सहा वरच्या गटाच्या कुस्त्या होतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साधारण साडेबारा ते अडीच. ही माझी ऐन ओपीडीची वेळ.

पहिले दोन दिवस गंमत वाटली. चौथ्या दिवशी दोन पेशंटच्या मध्ये मी निकाल बघायला लागलो. आठव्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता दुसऱ्या दिवसाच्या जोड्यांचा अभ्यास करत बसलो होतो. बायको म्हणाली, "एमडीची परीक्षा पुन्हा द्यायची आहे का?" शेवटच्या रविवारी ओनोसातो नावाचा पैलवान चौदापैकी चौदा जिंकून उतरला होता. स्पर्धा त्याने तेराव्या दिवशीच खिशात घातली होती. मी डोळे झाकून त्याचं नाव दिलं. तो होशोर्यूकडून हरला! एक रुपया गेला नव्हता, तरी मला चुटपुट लागली. सहा वर्षांपासून मी बीपीची गोळी घेतो. त्या संध्याकाळी सहज मोजलं तर १५० / ९४.

पण हे रविवारचं. "तुम्ही पण खेळता का" हा प्रश्न आला तो त्याच्या चार-पाच दिवस आधी.

दोन महिने जे विचारलं नव्हतं

मी फोन उलटा ठेवला आणि त्याला विचारलं, "तुम्ही काय खेळता?"

तो सगळं बोलला. बायको परत येईपर्यंत आम्हाला पाचेक मिनिटं मिळाली. सुरुवात क्रिकेटच्या टीम लावण्यापासून झाली होती. आधी फुकट, मग ४९ रुपये, मग पाचशे. एकदा नऊ हजार लागले. त्या नऊ हजारांनी घात केला. त्यानंतर तो रोज खेळायला लागला. क्रिकेट नसेल तर कबड्डी, कबड्डी नसेल तर परदेशातलं फुटबॉल, ज्यातल्या एकाही खेळाडूला तो ओळखत नव्हता. दुधाचे पैसे गेले. मग मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचं कर्ज झालं, ते फेडायला खासगी सावकाराचं. एकूण सव्वापाच लाख. बायकोचे दागिने बँकेत आहेत असं घरी सांगितलेलं, प्रत्यक्षात ते दुसरीकडेच गहाण होते.

धडधड हृदयाची नव्हती, वसुलीच्या फोनची होती. तो गोठ्यात बसायचा, कारण घरात फोन घेता येत नव्हता.

अशा वेळी आम्हा डॉक्टरांना एक प्रश्न विचारावाच लागतो. मी विचारला, "जीव नकोसा झालाय, असं कधी मनात येतं का?" तो खाली बघत म्हणाला, "आलं होतं सर. दोनदा."

इथे थोडं थांबून सांगतो. असा प्रश्न विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नको तो विचार भरवला जातो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी थेट विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं आणि तो मदत घ्यायला तयार होतो.

माझी चूक लपवत नाही. मी त्याला दारू विचारली होती, तंबाखू विचारली होती, चहाचे कप मोजले होते. पण "मोबाइलवर पैसे लावून काही खेळता का?" हे एकदाही विचारलं नव्हतं. माझा फोन वाजला नसता तर मी चौथ्या खेपेला एन्डोस्कोपी लिहून दिली असती.

हगाम्यातला अंदाज आणि मोबाइलवरचा अंदाज

कोण जिंकणार याचा अंदाज बांधणं हा आजार नाही. आपल्या भागात तर ते रक्तातच आहे. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून मी यात्रेतला हगामा बघायचो. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मानाची कुस्ती. हलगी वाजायची आणि गर्दीतला प्रत्येकजण जाणकार व्हायचा. "हा घिस्सा मारणार", "तो ढाकेवर घेणार". अण्णा आणि त्यांचे मित्र पैज लावायचे, हरलेल्याने सगळ्यांना भजी आणि जिलेबी द्यायची.

२०२५ हे वर्ष तर आपल्या जिल्ह्याला कुस्तीची पर्वणीच होतं. दोन वेगवेगळ्या संघटनांच्या दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा इथे झाल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चअखेर आपल्या शेजारच्या कर्जतला वेताळ शेळके मानाच्या गदेचे मानकरी ठरले. तेव्हा आम्ही मित्रांनी मोबाइलवर अंदाज लावले होते: माती विभागातून कोण, गादी विभागातून कोण, शेवटी गदा कुणाकडे. माझे दोन्ही वेळा चुकले. चहा पाजला, विषय संपला.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते चार ठिकाणी.

पहिला, हगाम्याला शेवटची कुस्ती असते. ती झाली की बैलगाडी घराकडे वळायची. मोबाइलवर शेवटची कुस्ती नाही. जगात कुठेतरी कायम काहीतरी चालूच असतं.

दुसरा, हगाम्यात कुणी काय लावलं हे चारचौघांना माहीत असतं. मोबाइलवरचा डाव गोठ्यातल्या अंधारात खेळता येतो.

तिसरा, जिलेबीची पैज हरल्यावर ती भरून काढायला कुणी आणखी जिलेबी लावत नाही. पैशाच्या डावात मात्र गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी पैसे लावले जातात. या आजाराची ही सगळ्यात मोठी खूण आहे.

चौथा, खिशातली नोट देताना हात अडखळतो. यूपीआयचा आकडा दाबताना अडखळत नाही.

मेंदूत नेमकं काय होतं

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. लोक त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते पूर्ण बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात काम करतात. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं की त्या पेशी रस मिळाल्यावर नाही, दिवा लागल्यावरच उसळतात. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर त्या एकदम मंदावतात. २००३ सालच्या पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघण्याच्या काळात या पेशींची धग सगळ्यात जास्त असते.

निम्मी-निम्मी शक्यता म्हणजेच बरोबरीची कुस्ती. मेंदूला चटक जिंकण्याची कमी आणि 'आता काय होणार' याची जास्त लागते. त्यामुळे हरणारा माणूसही खेळत राहतो.

त्यात 'थोडक्यात हुकलं' ही भावना फार फसवी असते. अकरापैकी नऊ खेळाडू बरोबर आले की मेंदू त्याला हार मानत नाही, 'जवळ आलो' असं मानतो. आणि ज्याला खेळातलं कळतं तो जास्त फसतो, कारण त्याला वाटतं की हा नशिबाचा भाग नाही, आपला अभ्यास आहे. सुमोच्या पैलवानांइतकं हार-जितीचं बेभरवशाचं रूप कुणाला माहीत असणार? तरीही २०१० साली जपानमध्ये काही सुमो पैलवान बेसबॉलवरच्या बेकायदा सट्ट्यात सापडले. कोतोमित्सुकी या वरच्या दर्जाच्या पैलवानाला काढून टाकण्यात आलं आणि त्या जुलैच्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण तिथल्या सार्वजनिक वाहिनीने केलं नाही.

हे दुखणं नवीन नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचं एक आख्खं सूक्त आहे. आधुनिक वैद्यकाने मात्र त्याला व्यसनाच्या रांगेत बसवायला २०१३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तेव्हा जुगाराचा विकार दारू आणि इतर व्यसनांच्या गटात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही तो आजार म्हणून नोंदलेला आहे.

शरीरावरही परिणाम होतो. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरात अभ्यास झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या सुमारे २.६६ पट आढळल्या. हे नुसतं बघणाऱ्यांचं. म्हणून हृदयरोग किंवा बीपी असलेल्यांनी अटीतटीच्या सामन्याच्या दिवशी गोळी चुकवू नये आणि छातीत दुखलं तर 'सामना संपू दे' म्हणून थांबू नये.

आणखी एक गोष्ट पेशंटच्या नातेवाइकांसाठी. कंपवाताच्या आजारात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यामुळे काही पेशंटना अचानक जुगाराची, खरेदीची ओढ लागू शकते. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेले आजोबा मोबाइलवर पैसे लावू लागले तर रागावू नका, आणि औषध स्वतःहून बंदही करू नका. डॉक्टरांना सांगा.

कसं ओळखायचं?

दोन साधे प्रश्न आहेत. जगभरचे डॉक्टर ते वापरतात.

१. पूर्वीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेत अशी गरज कधी वाटली आहे का?

२. किती खेळतो याबद्दल घरच्यांशी कधी खोटं बोलावं लागलं आहे का?

एकाचंही उत्तर 'हो' असेल तर नीट तपासणी हवी. माझ्या पेशंटची दोन्ही 'हो' होती. मी स्वतःलाही विचारले. माझी दोन्ही 'नाही' आली, पण दुसऱ्या प्रश्नाला मी क्षणभर घुटमळलो. "निकाल नाही, पेशंटचा मेसेज बघतोय," असं मी बायकोला एकदा म्हणालो होतो.

मग काय करायचं?

घरातल्या एका तरी माणसाला पूर्ण आकडा सांगायचा. अर्धा नाही, पूर्ण. माझ्या पेशंटने त्याच दिवशी माझ्यासमोर बायकोला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला मोठा आजार झालाय." मी म्हणालो, "झालाच आहे ताई, पण बरा होण्यासारखा आहे."

काही महिने पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुधाचं बिल आता तिच्या खात्यात जमा होतं. यूपीआय तिच्या फोनवर, त्याच्याकडे साधा फोन.

घरच्यांनी कर्जाची रक्कम त्याच्या हातात देऊ नये. फेडायचं असेल तर थेट देणेकऱ्याला, लेखी हिशेब ठेवून. हातात पैसा आला की 'एकदाच, शेवटचा डाव' हा विचार उसळतो.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजायचं नाही. विचारांची सवय बदलणारं समुपदेशन हा यातला मुख्य उपचार. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्याची औषधं देतात. काही जणांना ओढ कमी करणारं औषधही तज्ज्ञ देतात. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर एक मिनिटही न थांबता फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये.

कायद्याची भीती बाळगू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना. खेळणाऱ्याला तो गुन्हेगार मानत नाही. तेव्हा 'डॉक्टरला सांगितलं तर पोलिसात जाईल' असं मनात आणू नका. मात्र बंदी आली म्हणजे ओढ संपली, असंही समजू नका. चोरवाटेने लिंक पाठवणारे असतातच.

आता

मी दुसऱ्याच दिवसापासून ओपीडीत फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लागलो. केसपेपरवर तंबाखू, दारूच्या खाली 'मोबाइलवर पैशाचा खेळ' अशी एक ओळ छापून घेतली. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावात त्या ओळीला किती जण 'हो' म्हणतील असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं, क्वचित एखादा. माझा हा अंदाजही चुकला.

तो तरुण दर महिन्याला येतो. दिवाळीच्या सुमारास एकदा घसरला, मित्राच्या फोनवरून तीन हजार घालवले. पण त्या रात्री घरी जाऊन त्याने स्वतः सांगितलं. मी त्याला पराभव मानत नाही. पूर्वी दोन महिने लपलेली गोष्ट आता दोन तासही लपली नाही. कर्ज अजून निम्मं बाकी आहे, एक म्हैस विकावी लागली. धडधड थांबली आहे. झोपेची गोळी बंद होऊन चार महिने झाले.

मागच्या वेळी जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "सर, तुमचा तो जपानचा खेळ चालूये का अजून?"

"नाही," मी म्हणालो. "पुतण्याला सांगितलं, निकाल रात्री तूच फोनवर सांग."

तो हसला. बाहेर त्याची बायको औषधाचं बिल देत होती.

तुमच्या घरात कुणी रात्री उशिरापर्यंत फोन घेऊन एकटं बसत असेल, उगाच चिडत असेल, पैशाचा हिशेब टाळत असेल, तर आज शांतपणे, न रागावता एवढंच विचारा: "काही खेळतोस का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

काळजी घ्या.